नोकराच्या बाजूने वाचा : युरोपची जुनी नाटके आणि आपला अभ्यासवर्ग



यंदाच्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासवर्गात एक वाद झाला. तो अजून मिटलेला नाही, म्हणून इथे मांडतो आहोत.

दर रविवारी संध्याकाळी विहारात पंधरा-वीस मुले-मुली जमतात. कुणी कॉलेजात आहे, कुणी स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे, कुणी दिवसभर डिलिव्हरीची गाडी चालवून येतो. गेली तीन वर्षे आम्ही तिथे फुले, बाबासाहेब आणि दलित साहित्य वाचत आलो. या वर्षी आम्ही यादीत युरोपातली चार जुनी नाटके आणि एक कादंबरी घातली. यादी भिंतीवर लागली आणि वस्तीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते काका उठून उभे राहिले. नामांतराच्या लढ्यात पोलिसांच्या लाठ्या खाल्लेला माणूस. ते म्हणाले, "बाबांनो, पोरांनी अजून 'बुद्ध आणि त्याचा धम्म' धड वाचला नाही आणि तुम्ही त्यांच्या हातात फ्रान्स-रशियाची नाटकं देताय? ही बंगल्यातल्या लोकांची करमणूक. आपल्याला याचा उपयोग काय?"

प्रश्न रास्त आहे. काकांना 'जुन्या विचारांचे' म्हणून बाजूला सारणे सोपे होते. आम्हाला ते करायचे नव्हते आणि आजही करायचे नाही. त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे म्हणूनच हा लेख आहे.

पहिला मुद्दा : 'परदेशी' म्हणून नाकारणे ही आपली परंपरा नाही

जोतीराव फुल्यांनी टॉमस पेन वाचला. 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती त्यांनी अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी न्यूयॉर्क आणि लंडनच्या ग्रंथालयांत आयुष्याची किती वर्षे घालवली हे आपण दर 14 एप्रिलला सांगतो. 1972 साली मुंबईत तरुणांनी संघटना काढली तेव्हा तिचे 'पँथर' हे नाव त्यांनी अमेरिकेतल्या काळ्या तरुणांकडून घेतले. जगात जिथे कुठे माणूस मालकाविरुद्ध उभा राहिला, तिथे आपल्या माणसांनी आधीच नजर टाकलेली आहे.

यावर वर्गातल्या एका मुलाने चांगली शंका काढली. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतली नाहीत, बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे बाबासाहेबांनी 1954 च्या नभोवाणीवरील भाषणात स्पष्ट सांगितले होते. मग आपण फ्रान्सकडे कशाला बघायचे?

आमचे म्हणणे असे की बाबासाहेब हे सांगू शकले कारण त्यांनी फ्रान्सचा इतिहास वाचलेला होता. नाकारायचे असले तरी आधी वाचावे लागते. न वाचता नाकारणे याला आपण पूर्वग्रह म्हणतो आणि तो आपल्याविरुद्ध वापरला जातो तेव्हा आपल्याला चीड येते.

दुसरी गोष्ट अनुभवाची आहे. समाजशास्त्र शिकताना पिएर बोर्द्यूची 'सांस्कृतिक भांडवल' ही संकल्पना आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती. तिचा खरा अर्थ विद्यापीठाच्या वसतिगृहात कळला. चहाच्या टपरीवर कुणीतरी सहज इब्सेनचे, चेखवचे नाव घ्यायचे, बाकीचे मान डोलवायचे आणि आम्ही गप्प बसायचो. विषय नाटकाचा असायचा, पण त्या दहा मिनिटांत टेबलावर कोण कुठे बसतो हे ठरून जायचे. नंतर स्वतः ती नाटके वाचली आणि धक्का बसला. ज्या पुस्तकांची आमच्यासमोर भिंत केली गेली होती, त्या पुस्तकांत बोलणारी माणसे होती मोलकरीण, हजाम, भूदास आणि भूदासाचा नातू.

म्हणजे पुस्तके त्यांची नव्हती, फक्त कपाट त्यांचे होते.

तार्त्युफ : बुवा नव्हे, भक्त बघा

मोलिएर हा पॅरिसमधल्या एका गादीवाल्या कारागिराचा मुलगा. बापाचा धंदा राजाच्या दरबाराशी जोडलेला होता. तो सोडून पोरगा नाटकमंडळीत गेला. 1664 साली त्याने व्हर्सायला राजापुढे 'तार्त्युफ'चा प्रयोग केला आणि लगेच नाटकावर बंदी आली. 1667 मध्ये नाव आणि मजकूर बदलून पुन्हा प्रयोग केला, तर एका प्रयोगानंतर पुन्हा बंदी. पॅरिसच्या आर्चबिशपने फर्मान काढले की हे नाटक जो बघेल, वाचेल किंवा ऐकेल त्याला धर्मबहिष्कृत केले जाईल. 1669 मध्ये, पाच वर्षांनी, बंदी उठली.

एवढे काय होते त्यात? ओर्गों नावाचा एक श्रीमंत गृहस्थ आहे. तार्त्युफ नावाच्या एका धार्मिक ढोंग्याला तो घरात आणतो. त्याच्यासाठी मुलीचे ठरलेले लग्न मोडतो, मुलाला घराबाहेर काढतो आणि शेवटी सगळी मालमत्ता त्याच्या नावावर करून देतो. बायको एल्मीर नवऱ्याला टेबलाखाली लपवते आणि 'महाराजां'ची वासना त्याच्याच कानांनी ऐकवते, तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडतात.

आता गंमत बघा. नाटकाचे नाव 'तार्त्युफ', पण पहिले दोन अंक तार्त्युफ रंगमंचावर येतच नाही. दोन अंकभर फक्त त्याच्याबद्दल बोलले जाते. प्रेक्षकांना बुवा दिसायच्या आधी भक्त दिसतो. मोलिएरला ठाऊक होते की ढोंगी माणूस स्वतःच्या बळावर उभा राहत नाही, त्याला ओर्गों उभा करतो. संविधान सभेतल्या 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला, तो नेमका ओर्गोंबद्दलचा आहे. हे नाटक वाचताना फक्त दुसऱ्यांच्या बुवांवर हसू नका. आपल्या नेत्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लावताना आपण कोण असतो, हेही स्वतःला विचारा.

त्या घरात खरे कोण बोलते? मोलकरीण दोरीन. मालक चिडतो, हात उगारतो, पण ती थांबत नाही. तार्त्युफला पहिल्यापासून ओळखणाऱ्यांत ती पुढे आहे. ज्याला घरातला कचरा काढावा लागतो त्याला घरातला खोटेपणा आधी दिसतो. मोलिएरने अक्कल कुणाच्या तोंडी दिली ते लक्षात घ्या.

पण आम्ही मोलिएरची आरती करायला बसलेलो नाही. नाटकाच्या शेवटी ओर्गोंचे घर जायची वेळ येते तेव्हा त्याला वाचवतो कोण? राजा. राजाचा अधिकारी येतो, तार्त्युफला पकडतो, राजाच्या न्यायबुद्धीची स्तुती होते आणि पडदा पडतो. चर्चला भिडणारा लेखक सिंहासनापुढे मान झुकवतो. त्याची अडचण आम्ही समजू शकतो. राजाच्या आश्रयाशिवाय हे नाटक जगले नसते. 1673 मध्ये मोलिएर वारला तेव्हा नट म्हणून त्याला ख्रिस्ती दफनही सहज मिळाले नाही. बायकोला राजाकडे धाव घ्यावी लागली आणि दफन रात्री उरकले गेले. तरीही आपण नोंद केली पाहिजे : मोलिएर इथपर्यंत आला आणि इथे थांबला.

इथे आपल्या घरची आठवण येणे अटळ आहे. 1855 साली जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. भोळ्या कुणबी जोडप्याला जोशी कसा फसवतो याचे ते नाटक. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले आणि तिथे ते नाकारले गेले. मोलिएरच्या नाटकाला प्रेक्षकांपुढे यायला पाच वर्षे लागली. जोतीरावांचे नाटक छापले जायलाच शंभराहून जास्त वर्षे लागली. दोन्ही एकाच आठवड्यात वाचा. दोघांचा विषय जवळचा आहे, पण जोतीराव शेवटी राजाला बोलावत नाहीत. त्यांचे जोडपे शाळेची वाट धरते.

फिगारो : कायद्याने गेलेला हक्क मागच्या दाराने

दुसरे नाटक बोमार्शेचे 'फिगारोचे लग्न'. बोमार्शे घड्याळजीचा मुलगा. नाटक 1778 च्या सुमारास लिहून झाले होते, पण सोळाव्या लुईने ते अडवून धरले. 27 एप्रिल 1784 रोजी पॅरिसमध्ये पहिला जाहीर प्रयोग झाला. पाच वर्षांनी बास्तियचा तुरुंग पडला.

फिगारो हा काउंट आल्माव्हिव्हाचा नोकर. काउंटेसची दासी सुझान हिच्याशी त्याचे लग्न ठरले आहे. आपल्या हाताखालच्या नववधूवर पहिला हक्क धन्याचा, अशी त्या मुलखातली रीत. काउंटने स्वतःच्या लग्नाच्या वेळी मोठ्या उदारपणे ही रीत रद्द केलेली आहे. आता त्याची नजर सुझानवर गेली आहे आणि तोच हक्क पैसे देऊन, गुपचूप, परत मिळवायचा त्याचा डाव आहे.

या एका कल्पनेत केवढे समाजशास्त्र आहे! धनी कागदावर हक्क सोडतो, टाळ्या घेतो आणि मागच्या दाराने तोच हक्क वसूल करायला येतो. कायदा बदलला म्हणजे सवय बदलली असे नाही, हे 1955 चा अस्पृश्यता कायदा आणि 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा दोन्ही पाहिलेल्या आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगायला नको.

पाचव्या अंकात फिगारो अंधारात एकटा उभा राहून एक लांबलचक स्वगत बोलतो. त्याचा गाभा असा : या धन्याने मोठेपणासाठी केले काय, तर जन्म घेतला, आणि मला नुसते जगण्यासाठी जेवढी अक्कल लढवावी लागली तेवढी साऱ्या राज्याचा कारभार करायलाही लागत नसेल. 1784 मध्ये, सरदारांनी भरलेल्या नाट्यगृहात, एक नोकर जन्माधारित श्रेष्ठत्वाला असे उघडे पाडतो. जन्मावर ठरणाऱ्या मोठेपणाविरुद्धचे इतके नेमके रंगमंचीय भाषण आपल्या कार्यकर्त्यांनी वाचलेले नसावे ही आपली हानी आहे.

आता दोन गोष्टी, ज्या सहसा कुणी सांगत नाही.

पहिली. या नाटकात मार्सेलीन नावाची एक प्रौढ बाई आहे. पुरुष बाईला आधी फसवतात आणि मग तिलाच गुन्हेगार ठरवतात, कायद्यात शिक्षेसाठी ती सज्ञान आणि हक्कासाठी अज्ञान, असे ती तिसऱ्या अंकात सुनावते. प्रयोग बसवताना नटांनी हा भाग गाळून टाकला. बोमार्शेने छापील पुस्तकात तो राखला म्हणून आज तो आपल्यापर्यंत आला. धन्याविरुद्धचे बंड चालले, बाईचे बोलणे चालले नाही. आपल्या मंचावर महिला कार्यकर्त्यांना शेवटची पाच मिनिटे मिळतात तेव्हा हे आठवावे.

दुसरी. 1786 मध्ये व्हिएन्नात मोझार्टने याच नाटकाची संगीतिका केली. तिथे मूळ नाटकाच्या प्रयोगाला बंदी होती, संगीतिकेला परवानगी मिळाली. कारण राजकीय भाग काढून टाकला होता. फिगारोच्या त्या स्वगताच्या जागी काय आले? बायकांच्या बेइमानीवरचे गाणे. सरदारावरचा राग बायकांवर वळवला की दरबाराला चालते. जगभर आज गाजते ती संगीतिका. बंडखोर कलाकृती 'अभिजात' होताना तिच्यातून नेमके काय काढले जाते याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला माहीत नाही.

आणि युरोपच्या मर्यादेचीही नोंद करू. पॅरिसमध्ये फिगारोला टाळ्या पडत होत्या त्याच वेळी फ्रान्सच्या सां-दोमँग वसाहतीत लाखो आफ्रिकी माणसे उसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून राबत होती. 1791 मध्ये त्यांना स्वतः उठाव करावा लागला. फ्रान्सने 1794 मध्ये गुलामगिरी रद्द केली, नेपोलियनने 1802 मध्ये ती परत आणली आणि ती अखेर गेली 1848 मध्ये. टाळ्या वाजवणारे हात आणि चाबूक धरणारे हात बऱ्याचदा एकाच समाजाचे असतात.

मृत आत्मे : कागदावरची माणसे

कादंबरी एकच घेतली, निकोलाय गोगोलची 'मृत आत्मे', 1842 ची. त्याचे 'इन्स्पेक्टर जनरल' हे नाटक मराठीला नवे नाही. पु. ल. देशपांड्यांनी त्यावरून 'अंमलदार' केले. पण कादंबरी जास्त खोल जाते.

त्या काळच्या रशियात जमीनदाराची श्रीमंती त्याच्याकडे किती 'आत्मे', म्हणजे किती भूदास पुरुष आहेत, यावर मोजत. शिरगणती बऱ्याच वर्षांनी व्हायची. मधल्या काळात भूदास मेला तरी पुढच्या गणतीपर्यंत तो कागदावर जिवंत असे आणि मालकाला त्याचा कर भरावा लागे. चिचिकोव्ह नावाचा एक गोडबोल्या गृहस्थ गावोगाव फिरून जमीनदारांकडून हे मेलेले भूदास विकत घेतो. कागदावरचे हे 'धन' सरकारकडे गहाण ठेवून कर्ज उचलायचा त्याचा बेत असतो.

वाचताना हसू येते आणि मध्येच थांबते. एक जमीणदारीण मेलेल्या माणसांचा भाव करते, आपण स्वस्तात तर विकत नाही ना या चिंतेत. तिला या व्यवहारात वावगे काहीच दिसत नाही, कारण जिवंत माणसे विकण्याची तिला सवय आहे. सेन्सॉर मंडळींनी तर नावावरच आक्षेप घेतला की आत्मा अमर असतो, तो मृत कसा? माणसे विकली जातात याचा त्रास नव्हता, शीर्षकाचा होता!

पण गोगोलचीही पूजा नको. 1847 मध्ये त्याने मित्रांना लिहिलेल्या पत्रांचे पुस्तक काढले आणि त्यात चर्च आणि जमीनदारी व्यवस्थेची तरफदारी केली. समीक्षक बेलिन्स्कीने त्याला संतापून एक पत्र लिहिले. ते छापणे शक्य नव्हते, म्हणून त्याच्या हस्तलिखित प्रती फिरत राहिल्या. पीटर्सबर्गमधल्या एका अभ्यासमंडळात एका तरुण लेखकाने ते पत्र वाचून दाखवले. 1849 मध्ये त्याला अटक झाली आणि या वाचनाच्या आरोपासह मृत्युदंड सुनावला गेला. वधस्तंभापुढे उभे केल्यावर शिक्षा बदलून सैबेरियात सक्तमजुरी दिली. त्या तरुणाचे नाव फ्योदोर दस्तयेव्हस्की.

अभ्यासवर्गात एक पत्र वाचले म्हणून देहांताची शिक्षा. "रविवारी नुसते वाचत बसून काय होते?" असे कुणी विचारले तर झारला विचारा.

लोकशत्रू : पाणी, आणि एकटेपणाचा मोह

हेन्रिक इब्सेनचे 'लोकशत्रू' हे नाटक 1882 चे. नॉर्वेतल्या एका गावात औषधी स्नानगृहे आहेत आणि गावाची कमाई त्यावर. डॉक्टर स्टॉकमन तपासणी करून शोधतो की हे पाणी दूषित आहे. नळ चुकीच्या जागी, खालच्या अंगाला टाकले आहेत आणि वरच्या बाजूच्या चामड्याच्या कारखान्यांची घाण त्यात झिरपते. दुरुस्तीसाठी दोन वर्षे स्नानगृहे बंद ठेवावी लागतील. त्याचा सख्खा भाऊ गावचा नगराध्यक्ष आहे, तो हे दाबून टाकतो. आधी पाठीशी उभा राहिलेला पुरोगामी संपादक पैशाचा हिशेब कळल्यावर फिरतो. डॉक्टरचा लेख छापला जात नाही, सभेला सभागृह मिळत नाही. शेवटी एका जहाजाच्या कप्तानाच्या घरी सभा होते आणि गाव त्याला 'लोकशत्रू' ठरवते.

चामड्याच्या कारखान्याचा उल्लेख आला तेव्हा वर्गातली एक मुलगी ताडकन म्हणाली, "इथंपण चामडंवाल्यांचाच दोष का?" आम्ही सगळ्यांनी तो भाग पुन्हा वाचला. दोष कामगारांचा नाही. सर्वांत घाण कारखाना डॉक्टरच्या श्रीमंत सासऱ्याचा आहे आणि नळ चुकीच्या जागी टाकण्याचा निर्णय अधिकाऱ्यांचा आहे. तिने टोकले म्हणून आम्ही नीट वाचले. अभ्यासवर्ग यासाठीच असतो.

1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषणाचा मजकूर पाहून घाबरले आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापले. तेच 'अनिहिलेशन ऑफ कास्ट'. सभागृह नाकारले गेलेल्या डॉक्टरची गोष्ट आपल्याला परकी कशी वाटेल?

पण फरक इथेच आहे आणि तो महत्त्वाचा आहे. चौथ्या अंकातल्या सभेत स्टॉकमन घसरतो. पाण्याचा प्रश्न सोडून तो बहुमतावर, सामान्य माणसावर घसरतो. जातिवंत कुत्रा आणि रस्त्यावरचा कुत्रा असे उदाहरण देऊन माणसांची प्रतवारी सांगतो. आपला रोख वरच्या-खालच्या वर्गाकडे नाही, असा खुलासाही करतो. पण रक्ताची आणि वाणाची भाषा एकदा तोंडात आली की ती कुठे जाते हे आपण जाणतो. 1950 मध्ये आर्थर मिलरने अमेरिकेत या नाटकाचे रूपांतर केले तेव्हा त्यालाही हा भाग जसाच्या तसा ठेवणे पटले नाही. आणि शेवटी स्टॉकमन जो निष्कर्ष काढतो तो असा की जो एकटा उभा राहतो तोच सर्वांत बलवान.

आम्ही म्हणतो, नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडला पाण्याचाच प्रश्न होता आणि बाबासाहेब तळ्यावर एकटे गेले नव्हते. हजारो माणसे बरोबर होती. सत्य एकट्याला दिसू शकते, पण पाण्यापर्यंत संघटनाच पोहोचवते. सत्यजित राय यांना बहुधा हे जाणवले असावे. त्यांच्या 'गणशत्रू' चित्रपटात दूषित पाणी मंदिरातल्या चरणामृताचे आहे आणि शेवटी डॉक्टरच्या घराबाहेर त्याच्या बाजूने घोषणा देणारे तरुण येतात. आजच्या सोशल मीडियावर 'मीच एकटा खरा आंबेडकरवादी' म्हणणाऱ्या प्रत्येकाने इब्सेन आणि राय दोघांचे शेवट शेजारी ठेवून बघावेत.

चेरीची बाग : लोपाखिन आणि फिर्स

शेवटचे नाटक अंतोन चेखवचे, 1904 चे. चेखवचा आजोबा भूदास होता. 1841 मध्ये पैसे भरून त्याने कुटुंबाची सुटका विकत घेतली. हे माहीत असले की 'चेरीची बाग' वेगळीच दिसू लागते.

रानेव्हस्काया बाईंची इस्टेट कर्जात बुडाली आहे. चेरीची प्रसिद्ध बाग लिलावात निघते आणि ती विकत घेतो लोपाखिन. ज्या घरात त्याचे बाप-आजे भूदास होते, ज्यांना स्वयंपाकघरातही प्रवेश नव्हता, ते घर आता त्याचे. तिसऱ्या अंकात तो आनंदाने नाचायचा राहतो आणि लगेच रडकुंडीलाही येतो, कारण लहानपणी मायेने वागलेल्या त्या मालकिणीबद्दल त्याच्या मनात अजून ओढ आहे.

मराठी मध्यमवर्गीय रसिक या नाटकाबद्दल बोलतात तेव्हा सहसा बागेसाठी हळहळतात. चेखव मात्र याला विनोदी नाटक म्हणत होता आणि शोकांतिका केल्याबद्दल दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्कीवर नाराज होता. बाग गेली म्हणून रडायचे की नाही, हे तुमचे आजोबा बागेत कोणत्या बाजूला होते यावर ठरते. त्रोफिमोव्ह हा विद्यार्थी मालकिणीच्या मुलीला हेच सांगतो : तुझ्या पूर्वजांनी जिवंत माणसे मालकीची ठेवली, या झाडाझाडातून ती माणसे तुझ्याकडे बघत आहेत.

वर्गात बँकेत नोकरी करणारा एक मुलगा आहे. नुकताच त्याने शहराच्या चांगल्या भागात फ्लॅट घेतला. तो म्हणाला, "लोपाखिननं बरोबर केलं. विकत घेतली, आता तोडो नाही तर ठेवो. त्याला दोष का द्यायचा?" आम्हीही दोष देत नाही. आपला माणूस मालक झाला तर आनंदच आहे.

पण नाटकात फिर्सही आहे. सत्त्याऐंशी वर्षांचा म्हातारा नोकर. 1861 मध्ये भूदासांची मुक्ती झाली, तिला तो 'आपत्ती' म्हणतो. तेव्हा त्याने स्वातंत्र्य घेतलेच नाही, धन्याकडेच राहिला. शेवटी सगळे घर सोडून जातात. फिर्सला दवाखान्यात पोहोचवले असे प्रत्येकाला वाटते, खात्री कुणीच करत नाही. दाराला कुलूप लागते. आजारी म्हातारा रिकाम्या घरात कोंडला जातो आणि बाहेर झाडांवर कुऱ्हाड पडल्याचा आवाज येतो.

शेवटचे पान वाचून झाल्यावर वर्ग बराच वेळ गप्प होता. मग एक मुलगी बोलली, तिचे आजोबा आयुष्यभर वाड्यावर राबले. "म्हातारपणीसुद्धा 'आपला वाडा' म्हणायचे. घरात आम्ही हसायचो त्यांना." ती बँकेतल्या मुलाकडे वळली. "दादा, कुलूप लावताना किल्ली लोपाखिनच्याच हातात होती ना? मग म्हाताऱ्याला त्यानं तरी का नाही शोधलं?"

त्या मुलाने उत्तर दिले नाही. आमच्याकडेही तयार उत्तर नव्हते. 1956 मध्ये आग्र्याच्या सभेत शिकलेल्या वर्गाबद्दल बाबासाहेबांनी जी वेदना बोलून दाखवली, ती दरवर्षी आपण ऐकतो आणि पुढच्या वक्त्याकडे वळतो. चेखवने तीच वेदना एका कुलपात दाखवली. मालकिणीने फिर्सला विसरणे यात नवल नाही, ती पिढ्यान्पिढ्या विसरतच आली. लोपाखिनने विसरणे ही खरी शोकांतिका आहे आणि या नाटकात आम्ही रडतो ते याच जागी.

वाचायचे कसे?

काकांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. ही पुस्तके फुले-आंबेडकरांच्या जागी वाचायची नाहीत, त्यांच्या नजरेने वाचायची. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' राहिला असेल तर तो आधी. त्यात तडजोड नाही.

नाटक एकट्याने मनात वाचू नका. पात्रे वाटून घ्या आणि मोठ्याने वाचा. दोन-तीन बैठकांत एक नाटक होते. मराठी मिळाले तर मराठी, नाही तर हिंदी, नाही तर सोपे इंग्रजी. ज्याचे इंग्रजी बरे आहे त्याने प्रसंग आपल्या भाषेत सांगावा. नावे अडखळली तर अडखळू द्या. प्रत्येक पुस्तकानंतर तीनच प्रश्न विचारा. या घरात काम कोण करते? कोण कुणाला हसते? आणि शेवटी सोडवणूक कोण करते : राजा, एकटा वीर, पैसा, की माणसे एकत्र येऊन? ज्यांना पुढे जायचे असेल त्यांनी एमिल झोलाची खाणकामगारांवरची 'जर्मिनल' आणि हाउप्टमनचे 'विणकर' घ्यावे.

काका पुढच्या रविवारी आले होते. 'तार्त्युफ'मध्ये दोरीनचे वाचन करायला मुलगी कमी पडत होती, तेव्हा ते म्हणाले, "द्या इकडं, मी वाचतो." वाचले, हसले, हसवले. जाताना मात्र म्हणाले, "माझं मत बदललेलं नाही. आधी धम्म." आम्ही मान्य केले. पुढच्या महिन्यात एक रविवार धम्माचा, एक नाटकाचा असे ठरले आहे. तुमच्या वस्तीतल्या वर्गात काय ठरते ते आम्हाला जरूर कळवा.

जय भीम, जय भारत.